मंगल कार्यालयात आवाजाचे झोन कसे पाडायचे आणि प्रत्येक आउटपुट कसं लावायचं

कार्यालयाच्या मालकांशी माझा पहिला वाद झोनच्या, म्हणजे ज्यांचा आवाज वेगळा लावायचा अशा भागांच्या, आकड्यावरून होतो. "ताई, आमच्याकडं अकरा खोल्या आहेत, अकरा झोन करा," म्हणणारे आप्पा भेटतात. "एकच मशीन बसवा, सगळीकडं सारखा आवाज जाऊ दे, पोरं गोंधळतात," म्हणणारेही भेटतात. दोघांचा हिशोब भिंतींवरून चाललेला असतो. मी झोन पाडते ते माणसांवरून: कुणाला, कुठल्या वेळी, काय ऐकू यायला हवं? दिवसभर तोच आवाज तेवढाच लागणाऱ्या जागा कितीही असोत, त्यांचा झोन एकच. आणि एकाच हॉलच्या दोन टोकांना वेगवेगळं काही लागत असेल, तर मध्ये भिंत नसली तरी तिथं दोन झोन.

माझ्या वडिलांचा मिरजेत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. कर्णे, माईक, मशीन (आमच्यात ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणतात), आणि एसटीच्या टपावर सामान टाकून लग्नाच्या गावाला. कर्ण्याचं तोंड जिकडं, तिकडं आवाज, एवढाच झोनचा विचार. मी कायमच्या बसवायच्या सिस्टिमकडं वळले. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव या पट्ट्यात कार्यालयं, मंदिरं, शाळा अशी कामं करते. पुढचं सगळं मंगल कार्यालय धरून लिहिलंय, कारण एका दिवसात एकाच इमारतीत इतक्या तऱ्हेचे आवाज दुसरीकडं कुठं लागत नाहीत. इथं जमलं की शाळा किंवा हॉटेल अवघड जात नाही.

नमुना म्हणून विश्रामबागच्या बाजूला असतात तसलं एक कार्यालय घ्या. वर मुख्य हॉल, खाली जेवणाचा हॉल, मागं लॉन, पुढं गेट आणि पार्किंग, दोन्ही पक्षांच्या खोल्या, कडेला स्वयंपाकघर. मध्ये कुठला आवाज कुठं आणि किती जायचा ते ठरवणारा, आठ इनपुट आणि आठ आउटपुटचा डिजिटल प्रोसेसर, ज्याला आमच्यात नुसतं डीएसपी म्हणतात. तो नसेल आणि साध्या मिक्सरचे ऑक्स आउटपुट (आवाज वेगळा बाहेर काढायच्या जादा वाटा) वापरत असाल तरी बरंचसं लागू पडेल. फक्त डिले (स्पीकरला मुद्दाम लावलेला उशीर) आणि आपोआप होणाऱ्या गोष्टी हातानं कराव्या लागतील, किंवा सोडून द्याव्या लागतील.

आधी कागद

लॅपटॉप उघडायच्या आधी एक कागद घ्या. डावीकडं खाली खाली आवाज कुठून येतो ते लिहा: गुरुजींचा माईक, सूत्रसंचालकाचा माईक, ऑफिसातला घोषणेचा माईक, सनई वाजवणारा मोबाईल किंवा पेनड्राइव्ह, बाहेरून येणाऱ्या ऑर्केस्ट्राचा मिक्सर. वर आडवे झोन लिहा. मग चौकोनाचौकोनात विचार करत फुल्या मारा. प्रोसेसरच्या पडद्यावर जी जाळी दिसते ती हीच.

गुरुजींचा माईक हॉलमध्ये हवा, हे कुणीही सांगेल. पण "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" ही हाक वधूच्या खोलीत गेली नाही तर मंचावर अंतरपाट धरून सगळे उभे, आणि मामा खोलीबाहेर फोनवर. म्हणून खोल्यांत फुली. स्वयंपाकघरात मावशी आणि आचारी शेवटच्या "सावधान" वर कान ठेवून असतात, कारण पुऱ्या तळायला टाकायची वेळ तीच. तिथंही फुली. गेटवर बँडवाले उभे असतात, आणि त्यांनी अर्धं मंगलाष्टक बाकी असताना वाजवायला सुरुवात केली की काय होतं ते सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या लग्नात पाहिलेलं आहे. गेटवर फुली. म्हणजे गुरुजींचा माईक सगळीकडं जातो. उलट सनई फक्त हॉल, गेट आणि लॉनवर, आणि जेवणाच्या हॉलमध्ये अगदी बारीक. खोल्यांत सनई नको; तिथं साड्यांच्या पिना शोधताना कुणाला ती ऐकायची नसते. ऑर्केस्ट्रा फक्त हॉल किंवा लॉन, जिथं तो बसलाय तिथं. "एमएच १० ची पांढरी गाडी काढा" ही ऑफिसातली घोषणा गेट, पार्किंग, जेवणाचा हॉल आणि लॉनवर जाऊ दे. विधी चालू असताना मुख्य हॉलमध्ये ती जाता कामा नये.

सगळे माईक मिळून "बोलणं" असा एक गट करा आणि सगळी गाणी मिळून "संगीत" असा दुसरा. प्रत्येक झोनला हे दोन गट वेगवेगळ्या प्रमाणात द्या. ऑफिसचा माईक तेवढा तिसरा, स्वतंत्र. झोनला जाणारा आवाज माईकच्या फेडरनंतरचा (फेडर म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) घ्या. गुरुजी हळू बोलतात म्हणून ऑपरेटरनं फेडर चढवला की तो स्वयंपाकघरातही चढला पाहिजे. हॉलमध्ये माईक शिट्टी मारतोय म्हणून कमी करायचं असेल तर हॉलचं आउटपुट कमी करा, माईक नको. एवढं एक पोरांच्या डोक्यात बसवलं की निम्म्या तक्रारी थांबतात.

गुरुजींच्या कॉलर माईकला ऑपरेटरच्या हाताशी म्यूटचं बटण हवंच. तो चालू राहिला की दक्षिणेची बोलणी पार्किंगपर्यंत जातात.

हॉल मोनो ठेवा, म्हणजे सगळ्या स्पीकरना एकच आवाज. दुकानदार स्टिरिओचं कौतुक सांगेल, पण डाव्या भिंतीजवळ बसलेल्या आजींना डावीकडचाच स्पीकर ऐकू येतो, आणि गाण्यातलं जे उजवीकडं गेलं ते त्यांच्यापुरतं गेलंच.

मशीनच्या मागचे स्क्रू

पीए मशीनच्या मागं कॉमन, ४ ओहम, ८ ओहम, ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट असे टर्मिनल असतात. एका वेळी यातलं एकच जोडायचं. शंभर व्होल्टवर जेवणाच्या हॉलची लाइन आणि त्याच मशीनच्या ८ ओहमवर अजून एक बॉक्स, अशी जोडणी करून मशीन जाळलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

जिथं खूप स्पीकर आणि लांब वायर, तिथं १०० व्होल्ट लाइन, प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर लावून. जिथं दोन-चार मोठे बॉक्स आणि गाण्याला जोर हवा, म्हणजे मुख्य हॉल, तिथं ८ किंवा ४ ओहम. कारण साधं आहे. दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरची १०० मीटर जोडी म्हणजे जाऊन-येऊन २०० मीटर, आणि तिचा रोध साधारण २.४ ओहम. त्याच्या टोकाला ८ ओहमचा स्पीकर असेल तर जवळजवळ ४० टक्के ताकद वाटेतच कमी होते. त्याच वायरवर १०० व्होल्टची लाइन असेल तर तोटा ५ टक्क्यांच्या आत राहतो.

आपल्या जेवणाच्या हॉलचा हिशोब करू. छत साडेतीन मीटर उंच, टेबलाशी बसलेल्या माणसाचा कान १.२ मीटरवर. नव्वद अंशांत आवाज टाकणारा छताचा स्पीकर कानाच्या पातळीवर दोन मीटर तीसच्या दुप्पट, म्हणजे ४.६ मीटर रुंदीचा गोल भरतो. १८ बाय १८ मीटरचा हॉल असेल तर चार रांगांत चार, एकूण १६ स्पीकर. प्रत्येकाच्या ट्रान्सफॉर्मरवर ६ वॅटचा टॅप (स्पीकरनं किती वॅट घ्यायचे ते ठरवणारी जोडणी) लावला की ९६ वॅट झाले. मशीनच्या ताकदीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नये, म्हणून इथं १२० वॅटचं मशीन बरोबर बसतं. लाइनचा रोध काढायचा तर १०,००० भागिले एकूण वॅट: १०,००० भागिले ९६, म्हणजे १०४ ओहम. हा आकडा इम्पीडन्स मीटरवर (एसी सिग्नलला होणारा रोध मोजणाऱ्या मीटरवर) दिसतो. साध्या मल्टिमीटरवर खूप कमी दिसेल, कारण तो फक्त ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा डीसी रोध मोजतो. ते बघून लाइन शॉर्ट आहे असं समजू नका. इम्पीडन्स मीटरवरच आकडा ठरल्यापेक्षा बराच खाली आला, तर मात्र कुणीतरी बरेच टॅप १२ वर नेलेत किंवा कुठंतरी वायर चिरडलीय.

टॅप हा झोनच्या आतला व्हॉल्यूम समजा. हात धुवायच्या जागेजवळचा स्पीकर ३ वॅटवर ठेवला तर तिथं उभं राहून बोलता येतं. वाढपी जिथून ये-जा करतात तिथला १० वर. हे एकदाच शिडीवर चढून करायचं काम आहे, आणि पुढं प्रोसेसरमध्ये कितीही खटपट केली तरी त्याची भरपाई होत नाही.

सगळ्या स्पीकरच्या अधिकला एक ठरलेला रंग आणि उण्याला दुसरा, असंच जोडा. शेजारचे दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले तर दोघांच्या मध्ये उभं राहिल्यावर आवाजातला खर्ज नाहीसा होतो.

पातळी खालून वर लावत या

सगळ्या मशीनचे नॉब शून्यावर. मग माईकवर कुणाला तरी नेहमीच्या आवाजात बोलायला लावा. "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" नको; त्यानं काही कळत नाही, आणि माणूस ते नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणतो. त्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचायला द्या. इनपुट गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) असा ठेवा की डिजिटल मीटर बोलताना उणे १८ डेसिबलच्या आसपास खेळेल आणि जोरात बोललं तरी उणे ६ च्या वर जाणार नाही. मोबाईल आणि लॅपटॉपचा सिग्नल व्यावसायिक उपकरणांपेक्षा साधारण १२ डेसिबलनं खाली असतो, तेव्हा तिथं गेन जास्त लागणारच.

आता प्रोसेसरमध्ये झोनची आउटपुट शून्य डेसिबलवर (म्हणजे ना वाढवलेली, ना कमी केलेली) ठेवा आणि मशीनचा नॉब चढवत जा. त्या झोनमध्ये हवा तेवढा आवाज झाला की अजून थोडी जागा राहील असा नॉब थांबवा आणि तिथं नेलपॉलिशचा ठिपका द्या. मार्करचा ठिपका पुसतो. यापुढं मशीनच्या नॉबला कुणी हात लावायचा नाही; कमीजास्त जे काय ते प्रोसेसरमध्ये.

हवा तेवढा म्हणजे किती? रिकाम्या हॉलमध्ये जे छान वाटतं ते भरलेल्या पंगतीत ऐकूही येत नाही. दोनशे माणसं जेवताना ताटं, वाट्या, आग्रह आणि पोरं मिळून गलका सहज ७० डेसिबलच्या पुढं जातो, आणि घोषणा कळायची तर ती गलक्याच्या निदान १० डेसिबल वर लागते. म्हणून जेवणाच्या हॉलला दोन पातळ्या साठवून ठेवा, एक रिकाम्याची, एक पंगतीची. पंगतीची पातळी ठरवायला पंगतच लागते. मी बिल घ्यायच्या आधी एका लग्नाला येते म्हणून सांगून ठेवते, आणि जेवूनच जाते.

लॉन आणि डिले

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच असतो.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. मंचाच्या बॉक्सपासून ३ मीटरवर ९० असेल तर ६ मीटरवर ८४, १२ वर ७८ आणि २४ वर ७२. म्हणजे मागच्या खुर्च्यांना नीट ऐकू यावं म्हणून पुढचा बॉक्स वाढवला की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी कानात बोटं घालायची. म्हणून लॉनच्या मध्यावर, मंचापासून २५ मीटरवर, दोन खांबांवर अजून स्पीकर लावतात. पण वायरीतून जाणारा सिग्नल तिथं लगेच पोचतो आणि मंचावरून हवेतून येणारा आवाज मागाहून. मागं बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. नाट्यपंढरीतला प्रेक्षक अशा वेळी शेवटच्या रांगेतून ओरडायला लाजत नाही, ते लक्षात असू द्या.

उपाय म्हणजे खांबांच्या आउटपुटला उशीर लावायचा. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद. २५ मीटरला ७३. त्यात अजून १० ते १५ मिलिसेकंद घाला आणि ८५ लावा. हे जास्तीचे मिलिसेकंद मुद्दाम घालायचे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की दोन सारखे आवाज थोड्या अंतरानं कानावर पडले तर माणूस पहिल्याच्या दिशेला आवाज आहे असं समजतो, आणि दुसरा बऱ्यापैकी मोठा असला तरी फसतो. त्यामुळं मागच्या रांगेतल्या माणसाला आवाज डोक्यावरच्या खांबातून येत असला तरी गुरुजी मंचावरूनच बोलतायत असं वाटतं. हे जास्तीचे मिलिसेकंद ३० च्या पुढं गेले की हा खेळ बिघडायला लागतो, आणि अजून पुढं गेलं की प्रतिध्वनी ऐकू येतो.

अंतर पावलांनी मोजू नका, टेप लावा. मेच्या दुपारी ३८ अंशांना आवाज थोडा वेगानं, सेकंदाला ३५४ मीटर जातो. २५ मीटरला फरक जेमतेम २ मिलिसेकंदांचा, तेव्हा ऋतूप्रमाणं आकडे बदलायच्या भानगडीत पडायचं कारण नाही. आकडा लावून झाला की टिक टिक वाजवणारं एखादं मेट्रोनोम ॲप सिस्टिममध्ये सोडा आणि खांबाच्या मागं चार-पाच मीटरवर उभं राहा. टिक एकच ऐकू आली पाहिजे. "टि-टिक" आलं तर पाच-पाच मिलिसेकंदांनी पुढंमागं करा.

बंद दाराच्या जेवणाच्या हॉलला, खोल्यांना, स्वयंपाकघराला डिले लागत नाही. पण जेवणाच्या हॉलवरून मुख्य हॉलकडं जाणारा जिना उघडा असेल आणि वरचा आवाज खाली उतरत असेल, तर जिन्याजवळच्या स्पीकरपुरता लागतो. कधी कधी डिलेपेक्षा जिन्याला दार बसवणं स्वस्त पडतं.

आणि ब्लूटूथ स्पीकर. "ताई, गेटवर वायर ओढायला नको, एक ब्लूटूथ बॉक्स ठेवू," असं दर वेळी कुणीतरी म्हणतं. ब्लूटूथमध्ये आवाज सहज १५० मिलिसेकंद उशिरा येतो. तो मीटरमध्ये मोजला तर ५० मीटर लांबच्या स्पीकरइतका. गेटवर एकटा असेल तर चालेल; पण हॉलचा आवाज तिथवर येत असेल तर दोन गुरुजी एकामागोमाग मंगलाष्टकं म्हणतायत असं वाटेल.

शिट्टी आणि घुमणं

प्रत्येक झोनला वेगळा इक्वलायझर (आवाजातले खर्ज-तीव्र पट्टे वेगवेगळे कमीजास्त करणारा) द्या, कारण फरशी वेगळी, छत वेगळं, स्पीकर वेगळा. सुरुवात कापण्यापासून करा. बोलण्याच्या झोनना १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरनं उडवा. १०० व्होल्टच्या लहान ट्रान्सफॉर्मरना खर्ज झेपत नाही, ते भरून जातात आणि मशीनवर उगाच भार येतो. गेटच्या कर्ण्याला तर ३०० हर्ट्झच्या खाली काही देऊच नका. त्याच्याकडून ते वाजणार नाही, नुसता पडदा फाटेल.

आपल्याकडच्या हॉलमध्ये चकचकीत टाइल्स, काचेच्या खिडक्या आणि पीओपी. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज घुमतो. तिथं ३ ते ४ डेसिबल कमी करून बघा. शब्द अजूनही लपत असतील तर २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये किंचित वर, दोनच डेसिबल. त्याहून जास्त केलंत की "स" आणि "श" कानाला टोचतात. जेवणाचा हॉल पत्र्याच्या शेडखाली असेल तर इक्वलायझरनं तो सुधारत नाही. तिथं स्पीकर वाढवा, जवळजवळ लावा, प्रत्येकाचा आवाज कमी ठेवा.

शिट्टीसाठी हॉलचं आउटपुट हळूहळू वाढवत न्या, जिथं किंचाळायला लागेल ती फ्रिक्वेन्सी अरुंद फिल्टरनं कापा. दोन-तीन फिल्टर पुरेत. आठ-दहा लागत असतील तर माईक स्पीकरच्या समोर आलाय, तो आधी हलवा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधीची जागा ३ डेसिबलनं कमी होते. मंचावर चार माईक उघडे ठेवून "सिस्टिम खराब आहे" म्हणणाऱ्यांना मी आधी तीन बंद करायला सांगते.

सनई कधी मागं सरायची

डीएसपीमध्ये डकर असतो: माईकवर कुणी बोललं की संगीत आपोआप खाली जातं. साध्या पीए मशीनवरही पहिल्या माईकला प्रायॉरिटी अशी सोय पुष्कळदा असते. इथं दुकानातून आलेले आकडे तसेच ठेवले तर मंगलाष्टकांच्या दोन ओळींमध्ये गुरुजी श्वास घेतात तेवढ्यात सनई उसळून वर येते, पुढची ओळ सुरू होते, परत खाली. कानाला फार वाईट. म्हणून गुरुजींच्या माईकला संगीत २० डेसिबल खाली, होल्ड (बोलणं थांबल्यावर संगीत खालीच राहायचा वेळ) तीन-चार सेकंद आणि परत वर यायला अजून दोन सेकंद. सूत्रसंचालकाला १२ डेसिबल पुरतात, त्याच्या मागं थोडं संगीत चांगलं वाटतं. थ्रेशोल्ड, म्हणजे माईकवर किती आवाज झाला की डकर चालू व्हायचा ती पातळी, असा ठेवा की खोकल्यानं किंवा माईक टेबलावर ठेवल्याच्या आवाजानं सनई दबणार नाही.

कंपाउंडच्या भिंतीवर किती

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. खासगी जागेच्या सीमेवर आपली सिस्टिम या आकड्याच्या ५ डेसिबलपेक्षा वर जाऊ नये. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा कंपाउंडच्या भिंतीशी ६०. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात आपलं कार्यालय त्यात येतं का हे आधी विचारून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत सूट आहे, लॉनला नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस, १५ च्या आत, राज्य सरकार रात्री १२ पर्यंत मोकळीक देऊ शकतं. आपलं लग्न त्या दिवशी पडेलच असं नाही.

म्हणून लॉन आणि गेटच्या आउटपुटला लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) लावा, आणि तो भिंतीशी मीटर धरूनच लावा. मोबाईलमधलं ॲप अंदाजापुरतं ठीक. प्रोसेसरमध्ये वेळापत्रकाची सोय असेल तर रात्री ९ वाजून ५५ मिनिटांनी लॉन आणि गेट हळूहळू मिटायला लावा. नवरदेवाच्या मित्रांशी वाद घालायला मॅनेजरला मशीनसारखा साथीदार नाही. "ते आपोआप होतंय हो, माझ्या हातात नाही" एवढं म्हणून तो मोकळा होतो. ऑर्केस्ट्राही याच लिमिटरमधून गेला पाहिजे. ते लोक स्वतःचे बॉक्स घेऊन आले तर तुमच्या लिमिटरचा उपयोग शून्य, तेव्हा आवाज लिमिटरमधूनच जाईल ही अट बुकिंगच्या कागदावर टाका.

ऑर्केस्ट्राचा मिक्सर जोडताना गुरगुर आली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुरगुर घालवणारे महाभाग आहेत. त्यांना स्टेजवर चढू देऊ नका.

चालून बघा

सगळं लावून झालं की एकजण माईकवर, एकजण वहीपेन घेऊन सगळ्या झोनमध्ये. माईकवरच्यानं क्रम बदलत "सात", "साठ", "आठ" म्हणायचं आणि चालणाऱ्यानं ऐकू आलं ते लिहायचं. गाड्यांचे नंबर याच शब्दांत अडकतात. जिथं चुका होतात तिथं आवाज वाढवू नका. आधी खर्ज कमी करा, मग डिले बघा, मग टॅप. मग नावं वाचायला लावा. पार्किंगच्या टोकाला, हात धुवायच्या जागी आणि वधूच्या खोलीच्या बाथरूमबाहेर जरूर उभं राहा. हॉलच्या मधोमध सगळंच ठीक असतं.

प्रीसेट आणि कुलूप

लग्न, पंगत, सभा, ऑर्केस्ट्रा असे चार प्रीसेट (एका बटणावर येणाऱ्या, साठवून ठेवलेल्या मांडण्या) पुरेत. साखरपुड्याला वेगळा कशाला, लग्नाचाच वापरा. भिंतीवरच्या रिमोटला प्रत्येक झोनमध्ये फक्त वर ३ आणि खाली १२ डेसिबल एवढीच मोकळीक द्या. स्वयंपाकघरात मावशींना नॉब द्या, त्यांच्या कामाचं तेच बघतील. पण गुरुजींचा माईक पूर्ण बंद होणार नाही असा तळ ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर पासवर्ड, आणि तो मालकांच्या पुतण्याला सांगायचा नाही.

डीएसपीला छोटा यूपीएस द्या. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत तो बंद पडला तर परत उठायला वेळ घेतो आणि नेमका तेव्हा मुहूर्त असतो. मशीनना यूपीएसची गरज नाही, पण लाइट आल्यावर ती एकापाठोपाठ उशिरानं चालू होतील असा सिक्वेन्सर बसवा, नाहीतर सगळ्या झोनमध्ये एकदम धडाम होतं. रॅक, म्हणजे ही सगळी यंत्रं ठेवायचं कपाट, कमरेच्या वर, शक्य असेल तर पहिल्या मजल्यावर. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या सांगलीत तळमजल्यावर रॅक ठेवायला निदान मी तरी तयार होत नाही.

रॅकच्या दाराच्या आतून एक कागद लॅमिनेट करून चिकटवा. त्यावर कुठलं आउटपुट कुठल्या झोनला, त्या लाइनचे एकूण वॅट, मीटरवरचा ओहमचा आकडा, डिलेचे मिलिसेकंद आणि तारीख. पुढच्या वर्षी कुणीतरी खोल्यांत दोन स्पीकर वाढवेलच. तेव्हा जुन्या आकड्यावर काट मारून नवा लिहायला जागा सोडा. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: चालू करताना आधी मिक्सर, मग डीएसपी, शेवटी मशीनं. बंद करताना आधी मशीनं.